दोन आण्यांचा माग

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नांदेडच्या नव्या मोंढ्यात कृषी सेवा केंद्रांच्या दारात टेम्पो लागलेले असतात. मृग दहा-बारा दिवसांवर आलेला असतो. गिऱ्हाईक अजून तुरळक असतं, पण कंपन्यांची माणसं सकाळपासून दुकानात ठाण मांडून असतात. अशाच एका दुपारी मी एका दुकानदाराला म्हणालो होतो, "मालक, तुमचं बँकॉक चार पेट्यांवर अडकलंय बघा. आज उचल दाखवा, मी लगेच नाव वर पाठवतो." त्यांनी गोदामाकडे पाहिलं. त्याच औषधाच्या मागच्या हंगामातल्या सहा पेट्या तिथं तशाच पडून होत्या. मग त्यांनी खिशातून पेन काढून चेक लिहिला.

मी तेव्हा एका कीटकनाशक कंपनीचा फिरतीचा माणूस होतो. लोहा, कंधार, मुखेड, देगलूर, तिकडून उदगीर आणि अहमदपूर, असा माझा पट्टा. अकरा वर्षं मी हे काम केलं. त्या चार पेट्यांवर दुकानदाराची टूर होती, माझा तिमाहीचा इन्सेंटिव्ह होता आणि माझ्या साहेबांचा वर्षाचा. एका मालावर तीन जणांनी आपापली आशा टांगली होती. ज्याच्या कपाशीवर ते औषध पडणार होतं, तो माणूस या हिशेबात कुठेच नव्हता. नोकरी सोडल्यावर मला या गोष्टीनं फार छळलं, आणि त्यातूनच हा शोध सुरू झाला: विकणाऱ्याला विक्रीतला वाटा देण्याची ही रीत आमच्या भागात आली कुठून, आणि वाटेत तिचं काय काय झालं?

पहिला धागा दुकानदारीत सापडत नाही, तो सरकारी वसुलीत सापडतो. नांदेड, लातूर हा सगळा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात संस्थानाचा शेतसारा गोळा करायचं काम तालुकदारांकडे मक्त्यानं दिलेलं असे. तालुकदार म्हणजे त्या काळी पगारी अधिकारी नव्हे. वसूल होणाऱ्या रुपयामागे दोन आणे त्याचे, म्हणजे शेकडा साडेबारा. त्यातूनच त्यानं आपल्या माणसांचा खर्च भागवायचा. ही विक्रीची योजना नव्हती, पण आजच्या कुठल्याही इन्सेंटिव्ह योजनेचा सांगाडा तिच्यात पुरा दिसतो: हद्द ठरलेली, आकडा ठरलेला आणि आकड्यातला वाटा ठरलेला. जितका वसूल जास्त तितके दोन आणे जास्त. सारा कोणत्या पिकातून आला, बैल विकून आला की सावकाराच्या कर्जातून आला, हे मोजण्याची सोय त्या दोन आण्यांत नव्हती. पुढच्या वर्षी मक्ता आपल्याकडे राहील याची खात्री तालुकदाराला नव्हती, म्हणून रयत पुढच्या वर्षी पेरण्याच्या स्थितीत राहील की नाही याची काळजी करायचं कारणही नव्हतं.

1853 मध्ये पहिले सालारजंग दिवाण झाले तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते. त्यांनी ही मक्तेदारी हळूहळू मोडली. 1865 च्या जिल्हाबंदीनं संस्थानाचे जिल्हे पाडले आणि वसुली पगारी अधिकाऱ्यांच्या हाती दिली. गंमत शब्दाची आहे. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याचं नाव 'अव्वल तालुकदार' असंच राहिलं आणि ते 1948 च्या पोलीस ॲक्शनपर्यंत चाललं. आमच्या भागातल्या जुन्या कागदांत तालुकदार दिसला की आधी साल बघावं लागतं. 1853 च्या आधीचा असेल तर तो टक्केवारीवरचा माणूस, 1865 नंतरचा असेल तर पगारावरचा. एका शब्दाच्या पोटात मोबदल्याच्या दोन उलट्या पद्धती राहून गेल्या आहेत.

देशमुख-देशपांड्यांची गोष्ट याहून शिकवणारी आहे. तेही वसुलीच्या साखळीतले वतनदार, त्यांनाही वसुलातला ठरावीक वाटा मिळे. त्याला रुसूम म्हणत. पगारी अधिकारी आल्यावर वसुलीचं काम त्यांच्या हातून गेलं, पण रुसूम गेला नाही. काम सुटलं आणि कामाचा वाटा पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. संस्थान भारतात विलीन झाल्यावर, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अशा रोख नेमणुका कायद्यानं बंद झाल्या. एकदा दिलेला वाटा परत घेणं किती अवघड असतं हे मी नोकरीत दर एप्रिलला पाहिलं आहे. मागच्या वर्षीची स्कीम या वर्षी नाही म्हटलं की दुकानदाराला ती कपात वाटते, आपल्या हक्काला हात घातल्यासारखं वाटतं. रुसुमाची हीच सवय आहे, तो माणसाच्या हातात पडला की वतन होऊन बसतो.

दुसरा धागा मोंढ्यातला. बाजारपेठेला मोंढा म्हणायचं ते मराठवाड्यानंच. लातुरात तर सगळं गावच बाजाराभोवती वसवलंय. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं गंजगोलाईचा आराखडा केला, गोलाईतली मुख्य दुमजली इमारत 1917 मध्ये उभी राहिली, आणि मध्ये जगदंबेचं देऊळ. सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात, आणि प्रत्येक रस्त्याचा माल वेगळा: कुठे सोनं, कुठे चपला, कुठे मिरची आणि गूळ. या पेठेचा कणा होता अडत्या. शेतकऱ्याचा माल तो आपल्या अडतीवर उतरवून घेई, खरेदीदार शोधून देई आणि शेकड्यामागे अडत कापून घेई. हमाली, तोलाई वेगळी.

कागदावर ही योजना सुंदर आहे. भाव जास्त मिळाला तर शेतकऱ्याचं भलं आणि अडत्याचीही अडत जास्त. दोघांचा फायदा एकाच दोरीला बांधलेला. मग भांडण कुठे होतं? शेतकरी वर्षातून एक-दोनदा येतो, खरेदीदार रोज येतो. क्विंटलमागे पन्नास रुपये वाढवून मिळाले तर अडत्याच्या वाट्याला त्यातला रुपया-दीड रुपया येणार. तेवढ्यासाठी रोजच्या खरेदीदाराशी तो वाकडं घेत नाही. शिवाय शेतकऱ्यानं पेरणीला त्याच्याकडूनच उचल घेतलेली असते, त्यामुळे माल दुसऱ्या अडतीवर जाण्याची भीती नाही. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची हत्त्याची पद्धत होती तोवर तर मालकालाच आपल्या मालाचा भाव कळत नसे. हैदराबाद संस्थानानं 1930 च्या सुमारास शेतमालाच्या बाजाराचा कायदा केला. परवानाधारक अडते, परवानाधारक मापाडी, ठरलेल्या कटौत्या, असं सगळं त्यात आलं. पुढे महाराष्ट्राचा 1963 चा कायदा आला आणि बाजार समित्यांतला उघड लिलाव हा नियम झाला. दोन्ही कायद्यांनी अडतीची टक्केवारी बंद केली नाही, ती कशावर आणि कोणासमोर मोजायची ते बदललं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ती सगळ्यात शहाणी दुरुस्ती आहे. वाटा किती यावर लोक तासन्‌तास भांडतात. वाटा कुठल्या जागी मोजला जातो, तिकडे फारसं कोणी बघत नाही.

'उचल' या शब्दापाशी जरा थांबायला हवं. शेतकरी अडत्याकडून घेतो ती उचल. ऊसतोडीला जाणारी जोडी मुकादमाकडून घेते तीही उचल, आणि मुकादमाचं कमिशन त्या जोडीच्या कोयत्यावर चढत जातं. दुकानदार कंपनीकडून हंगामाआधी माल घेतो त्यालाही आमच्याकडे उचलच म्हणतात. तिन्ही ठिकाणी पुढच्या दिवसांचा घाम किंवा पुढच्या दिवसांचं गिऱ्हाईक आज गहाण पडलेलं असतं.

आता थोडं लांब जाऊन येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लंडनच्या कापड दुकानांत एक बोली शब्द चालायचा: स्पिफ. जुन्या फॅशनचा, पडून राहिलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला की दुकानातल्या पोरांना मिळणारा वाटा म्हणजे स्पिफ. तेव्हाच्या बोलीच्या कोशात त्याची अशी नोंद आहे. ही व्याख्या वाचली त्या दिवशी मी माझ्या जुन्या स्कीमचे कागद पुन्हा काढून बसलो. जो माल शेतकरी नाव घेऊन मागतो, त्यावर कधीच टूर नसायची. ज्यावर टूर होती, तो माल मागायला दुकानात कोणी येत नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये जे सरळ शब्दांत लिहून ठेवलं गेलं, ते आम्ही 'फोकस प्रॉडक्ट' म्हणून पाठ करत होतो.

अमेरिकेत ओहायोतल्या डेटन शहरी जॉन पॅटरसननं 1884 मध्ये पैशाच्या गल्ल्यांचा, म्हणजे कॅश रजिस्टरचा धंदा विकत घेतला. प्रत्येक विक्रेत्याला ठरलेली हद्द, प्रत्येक हद्दीला ठरलेलं टार्गेट, आणि टार्गेट पुरं करणाऱ्यांचा 'हंड्रेड पॉइंट क्लब', ही घडी त्याच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीनं बसवली. त्या कंपनीत घडलेला टॉमस वॉटसन पुढे आयबीएमचा प्रमुख झाला आणि तिथं 'हंड्रेड पर्सेंट क्लब' निघाला. आज नांदेडच्या एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये स्टेजवर बोलावून शाल, स्मृतिचिन्ह आणि विमानाच्या तिकिटाचं पाकीट देतात, ते त्या क्लबचंच आमच्या गावातलं रूप.

आपल्याकडे या पद्धतीला पहिला मोठा कायदेशीर लगाम बसला तो विम्यात. 1938 च्या विमा कायद्यानं एजंटाच्या कमिशनला कमाल मर्यादा घातली आणि कलम 41 नं, एजंटानं आपल्या कमिशनमधला वाटा गिऱ्हाइकाला देण्यावर बंदी आणली. 1956 मध्ये 245 कंपन्या आणि विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झालं. पुढे नांदेडला त्याचं विभागीय कार्यालय आलं. गावोगावचे शिक्षक, ग्रामसेवकांचे भाऊ, निवृत्त कारकून विमा एजंट झाले. मोबदल्याची रचना कित्येक दशकं साधारण अशी होती: पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर 35 टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी 7.5 टक्के, नंतर 5 टक्के. पॉलिसी चालू आहे तोवर कमिशन चालू. एजंट वारला तर ते वारसांना मिळतं, आणि त्याला व्यवहारात नावच 'हेरिडिटरी कमिशन' असं आहे. रुसूमही वारशानं चालायचा. फरक एवढा, आणि तो फार मोठा आहे, की इथं वाटा गिऱ्हाइकाच्या दर वर्षीच्या हप्त्याला बांधलेला आहे. गिऱ्हाइकानं पॉलिसी सोडली की वतन संपलं.

तरी पहिल्या वर्षीचा तो 35 टक्क्यांचा डोंगर आणि पुढचा सपाट माळ यानं नुकसान केलंच. पहिला हप्ता एजंटानं स्वतःच्या खिशातून भरायचा, मार्चअखेर आकडा गाठायचा आणि दुसऱ्या वर्षी पॉलिसी लॅप्स होऊ द्यायची, हे कलम 41 असूनही चालत आलं. म्हणून विमा कंपन्या तेराव्या महिन्यातही किती पॉलिस्या जिवंत आहेत ते मोजू लागल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये महामंडळानं पहिल्या वर्षीचं कमिशन उतरवलं आणि पुढच्या वर्षांचं वाढवलं. एजंटांनी नाराजी दाखवली आणि ती मला समजते. पहिल्या हप्त्यासाठी माणूस सहा-सहा वेळा दार ठोठावतो. तरी डोंगराची माती माळावर पसरली, ते बरं झालं असंच मी म्हणेन.

या सगळ्या मागोव्यात माझ्या मनाला सगळ्यात जवळचा वाटतो तो पिग्मीवाला. संध्याकाळी पाचनंतर मोंढ्यातल्या पानटपरीवर, हॉटेलात, सलूनमध्ये, भाजीवालीच्या गाड्यापाशी जो सायकल नाहीतर मोपेड लावून उभा राहतो, वीस-पन्नास रुपये घेतो आणि पावती देतो, तो. ही योजना 1928 मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं काढली, टी. एम. ए. पै यांच्या काळात. एजंट दारोदार जाऊन रोज अगदी दोन आणेसुद्धा गोळा करत. पुन्हा दोन आणेच, फक्त या वेळी ते वसूल करणाऱ्याच्या खिशात न जाता देणाऱ्याच्या खात्यात जमा होत होते. मराठवाड्यात सहकारी बँका आणि पतसंस्थांनी ही पद्धत अशी उचलली की आज 'पिग्मी' हा शब्द मराठी नाही असं सांगितलं तर लोकांना पटत नाही.

पिग्मीवाल्याला पगार नव्हता, फक्त जमा रकमेवर कमिशन. पाऊस लागला, बाजार बंद राहिला, दंगल झाली, दुष्काळ पडला की त्याचं घर थांबे. तो बँकेचा नोकर की स्वतंत्र धंदेवाला, हा वाद हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणापुढे गेला. 1988 च्या निवाड्यात त्यांना कामगार मानलं गेलं आणि मोबदल्याची एक रचना आखून दिली गेली. महिन्याला 7,500 रुपये ठेव गोळा करणाऱ्याला 750 रुपये ठरलेले. त्याच्या वर जे जमेल त्यावर 2 टक्के. फिरण्याचा भत्ता वेगळा. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 2001 मध्ये हरल्या. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की हे कमिशन म्हणजे वेतनच आहे, ते फक्त कामाच्या प्रमाणात मिळतं.

ही रचना मी वहीत उतरवून ठेवली आहे. इन्सेंटिव्ह कसा आखावा यावर मला कंपनीनं दोन दिवसांचं शिबिर दिलं होतं. त्यात इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. आधी घर चालेल एवढा पाया. मग हाताला येईल एवढा उंबरठा. उंबरठ्याच्या वर सरळ, तोंडी हिशेब करता येईल असा वाटा. कुठे अट नाही, कुठे चांदणी नाही, कुठे 'कंपनीचा निर्णय अंतिम' नाही. पिग्मीवाला रात्री दारात चप्पल काढताना आजची आपली कमाई बायकोला सांगू शकतो. आमच्या स्कीमा एक्सेलच्या तीन पानांच्या असत. अमुक गटात 110 टक्के, तमुक गटात किमान 90, वसुली 85 च्या वर, नाहीतर सगळं शून्य. मार्चच्या शेवटी आमच्यातला एकही माणूस आपल्याला काय मिळणार ते खात्रीनं सांगू शकत नसे. ज्याचा हिशेब माणसाला करता येत नाही, त्यासाठी तो मेहनत कशी घेणार? तो फक्त घाबरतो. औषध कंपन्यांच्या एमआर मंडळींनी हे भय आधीच ओळखलं होतं. त्यांच्यासाठी 1976 मध्ये खास कायदा झाला. कमिशनचा माणूस हाही कामगार, हे त्यात पहिल्यांदा नीट मान्य झालं.

बियाणं-औषधांच्या बाजाराकडे येताना मी मुद्दाम हळू चालतो, कारण इथं मी स्वतः होतो. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको उभी केली. 1970 मध्ये गुजरातेत सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेलांचा एच-4 हा कापसाचा संकर बाहेर आला. संकरित वाणाचं बी घरचं ठेवून पेरता येत नाही, दर वर्षी विकतच घ्यावं लागतं. बियाण्याच्या बाजारात फिरता माणूस आला तो यामुळे. तरी सुरुवातीचं चित्र वेगळं होतं. नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-44 हा संकर ऐंशीच्या दशकात आला. 'नांदेड चव्वेचाळीस' म्हणून तो महाराष्ट्रभर गाजला. माझ्या लहानपणी शेतकरी दुकानात येऊन 'चव्वेचाळीस द्या' असंच म्हणत. त्याला ढकलणारा कोणी लागत नव्हता.

मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. 450 ग्रॅमचं पाकीट 1,600 रुपयांच्या घरात गेलं. 2006 मध्ये आंध्र सरकारनं तक्रार केल्यावर किंमत 750 पर्यंत खाली आली, आणि महाराष्ट्रानंही पुढे 2009 मध्ये कापूस बियाण्यांच्या किमतीचा कायदा केला. 2016 पासून केंद्रच भाव ठरवू लागलं: बीजी-2 या बीटी बियाण्याचं पाकीट आधी 800 रुपये, 2018 मध्ये 740. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. पण एक परिणाम मी जवळून पाहिला. सगळ्या कंपन्यांच्या पाकिटावर एकच किंमत छापली गेली की शेतकऱ्यापुढे स्वस्त-महाग अशी चढाओढ करायची जागाच उरत नाही. सगळी चढाओढ काउंटरच्या आतल्या बाजूला सरकते. कॅश डिस्काउंट, टर्नओव्हर डिस्काउंट, बुकिंगवर नाणं, ठराविक उचलीवर टूर. आधी गोवा, मग बँकॉक, मग दुबई. युरियावर दुकानदाराला टनामागे काहीशे रुपयेच सुटतात, तर युरियाच्या गाडीसोबत न खपणारं काहीतरी घ्यायला लावायचं. त्याला मोंढ्यात लिंकिंग म्हणतात. 45 किलोची 266 रुपये 50 पैशांची युरियाची गोणी मागणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात झिंकची नाहीतर कसलीशी पिशवी येते ती याच वाटेनं.

आणि मोजमाप कुठे? गोदामाच्या दारात. माल कंपनीच्या डेपोतून दुकानदाराच्या गोदामात उतरला की विक्री झाली. शेतकऱ्यानं घेतला का, त्याच्या शेतात तो उतरला का, हे पुढच्या साखळीचं काम. त्यामुळे 31 मार्चला आमची गोदामं भरत आणि जूनमध्ये 'सेल्स रिटर्न'चे ट्रक उलटे जात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. घागरींच्या रांगा सगळ्या देशानं पाहिल्या. त्या वर्षाचं माझं टार्गेट मागच्या वर्षापेक्षा जास्त होतं. मी वर फोन केला, साहेब म्हणाले, "पाऊस वेळेवर आला तर?" त्यांच्यावरही वरून तसाच आकडा आला होता, हे मला आज कळतं.

2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही तेव्हा मी नोकरी सोडलेली होती. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण किमान 70 टक्के हवी असा नियम आहे. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये काढणीच्या वेळी पाऊस कोसळला आणि बीजोत्पादनाचं पीकच भिजलं. मराठवाड्यातून तक्रारींचा ढीग पडला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. हे सगळं इन्सेंटिव्हमुळे झालं असं मी म्हणणार नाही, दोष पावसाचाही होता. पण बी कमी आणि कमकुवत आहे हे माहीत असलेल्या वर्षीही उचलीचे आकडे कमी झाल्याचं माझ्या कुठल्या जुन्या सोबत्यानं मला सांगितलं नाही. शेतात फिरणारा माणूस पहिला धोक्याची बातमी वर पोचवू शकतो. त्याचा वाटा जर गोदामाच्या दारातच मोजला जात असेल, तर ती बातमी सांगणं म्हणजे स्वतःच्या ताटातली भाकर काढणं.

मोजमापाची जागा बदलली की काय होतं याचं उदाहरण खतानं दिलं आहे. पूर्वी खत जिल्ह्यात पोचलं, म्हणजे नांदेड किंवा लातूरला रेक लागून माल उतरला, की कंपनीच्या अनुदानाचा मोठा भाग सुटत असे. मार्च 2018 पर्यंत देशभर नवी पद्धत लागू झाली. आता दुकानातल्या पॉस मशीनवर शेतकऱ्याच्या नावे विक्री नोंदली जाते, तेव्हाच अनुदान सुटतं. रेल्वेच्या फलाटावरून मोजमाप शेतकऱ्याच्या अंगठ्यापाशी आलं. असाच अंगठा त्याच्या आजोबानं सावकाराच्या कागदावर उमटवला होता. लिंकिंग यानं संपलं नाही, पण नुसता माल उतरवून मोकळं व्हायची सोय गेली. काही कंपन्याही आता उचलीऐवजी 'लिक्विडेशन' मोजतात, म्हणजे दुकानातून प्रत्यक्ष शेतकऱ्याकडे किती गेलं ते. आणि 1 जुलै 2022 पासून टूरवरही कराची नजर आहे. वर्षाला 20,000 रुपयांच्या वरचा असा लाभ दिला तर त्यावर 10 टक्के कर कापावा लागतो. बँकॉक ही भेट नाही, ते उत्पन्न आहे, हे आयकर खात्यानं मान्य केलं.

मागच्या दिवाळीनंतर मी त्या नव्या मोंढ्यातल्या दुकानात गेलो होतो. चार पेट्यांच्या त्या दुकानात. मालक आता थकलेत, दुकान मुलगा बघतो. काउंटरवर दोन पोरं आहेत. त्यांना पगार आहे, आणि दिवाळीला वर काहीतरी मिळतं. ते कशावर, असं मी विचारलं. मालकांनी गल्ल्याखालून एक लांबडी वही काढली. डावीकडे शेतकऱ्याचं नाव आणि गाव, पुढे दर वर्षाचा एक रकाना. या खरिपात आला तर खूण, नाही आला तर कोरं. किती विकलं ते त्यात नाहीच. ज्या पोरानं ज्याला माल दिला, तो माणूस पुढच्या वर्षी परत आला का, एवढंच. खुणा मोजून दिवाळी.

"आठ वर्षं झाली लिहितोय," ते म्हणाले. "टूरला मी अजूनही जातो, खोटं कशाला बोलू. पण पोरांचं याच्यावर."

मी पानं चाळत होतो. एका नावापुढे पहिल्याच रकान्यात खूण होती आणि पुढचे सगळे रकाने कोरे. मी तिथं बोट ठेवलं. मालकांनी चष्मा वर केला, नाव वाचलं.

"हे मुखेडकडचे," ते म्हणाले. "त्यांना आपण ते औषध दिलं होतं बघा."